‘अनाम’ कसली? विचारलं नाही म्हणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला गोधडीवरचा पानभर लेख सोमवारी दुपारी पुन्हा काढून वाचला. पहिल्यांदा वाचला तेव्हा घरात पाहुणे होते, रागवायला सवड मिळाली नाही.

लेखात ‘मायेची ऊब’ पाच वेळा आहे. मोजली. ‘अनाम हात’ मथळ्यात एकदा आणि आत दोनदा. फोटोतल्या बाई ओसरीवर बसून टाके घालताहेत, चेहरा इतका स्वच्छ आलाय की नाकातली चमकीसुद्धा दिसते. खाली ओळ काय, तर ‘गोधडी शिवताना ग्रामीण महिला’. आणि कडेला बारीक अक्षरांत फोटो काढणाऱ्याचं नाव, आडनावासकट. म्हणजे हा गृहस्थ त्या बाईंपासून चार हातांवर उभा होता. ‘मावशी, नाव काय तुमचं?’ एवढं विचारायला त्याला किती वेळ लागला असता? विचारलं नाही ते नाहीच, वर तिला अनाम करून मोकळे झालात.

मला हे एवढं लागायला कारण आहे. गेल्या जानेवारीत आमच्या शहरातल्या एका संस्थेने जुन्या घरगुती वस्तूंचं प्रदर्शन भरवलं. मी माझ्या आजीची वाकळ दिली. (आमच्या सोलापूर भागात वाकळच म्हणतात. हा शब्द आपल्या पानभर लेखात एकदाही नाही, असो.) नेताना रीतसर पावती दिली, तिच्यावर माझं नाव, फोन नंबर आणि ‘वाकळ, १ नग’. उद्घाटनाच्या दिवशी नवी साडी नेसून गेले. वाकळ भिंतीवर छान टांगलेली, वर दिवा सोडलेला, आणि शेजारी कार्ड : ‘पारंपरिक गोधडी. अंदाजे १०० वर्षे जुनी. कारागीर : अज्ञात.’ त्या अज्ञात कारागिराची नात समोर अनवाणी उभी, कारण चपला बाहेर काढायला लावल्या होत्या.

शंभर वर्षं? ती वाकळ १९७२ च्या दुष्काळातली. मी तिसरीत होते. आजी दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि रात्री कंदिलाशी वाकळ घेऊन बसायची. डोळ्यांना कमी दिसायचं, म्हणून सुईत दोरा ओवायचं काम माझ्याकडे. दहा सुया ओवून एका चिंधीला टोचून ठेवायच्या, मग अभ्यास. खाली तिचं स्वतःचं इरकली लुगडं, मध्ये आजोबांची दोन धोतरं आणि आईचे विरलेले परकर, वर जो हाताला लागेल तो तुकडा. माझा शाळेचा निळा फ्रॉक आहे त्यात, काकाचा लेंगा आहे. कडेपासून टाके घालत घालत आत यायचं, चौकोनात चौकोन, शेवटचा टाका मधोमध. कधी कधी धाकटी चुलत आजी मदतीला बसायची. आजही वाकळीवर हात फिरवून मी सांगते, तांदळाएवढा टाका आजीचा आणि लांब ढांगा टाकत गेलेला तिच्या जावेचा. तिला कायम घरी जायची घाई.

खरा कळस पुढे आहे. वाकळीच्या एका कोपऱ्यात लाल त्रिकोणी तुकडा आहे. कार्डावर त्याच्याबद्दल लिहिलं होतं : ‘कोपऱ्यातील लाल त्रिकोण दृष्ट लागू नये म्हणून लावण्याची प्रथा होती.’ कुणाची प्रथा? कुठली दृष्ट? दुष्काळात आमच्या घराला दृष्ट लावायला होतं काय! तो आजीच्या भावाच्या पटक्याचा तुकडा. मामा-आजोबा त्याच साली पोटासाठी मुंबईला गेले. जाताना पटका बहिणीकडे ठेवून गेले, म्हणाले, मुंबईत कोण बांधतंय. आजीने त्यातलाच तुकडा कापून लावला. पुढे ती जेवढ्या वाकळी शिवत गेली, तेवढ्यांना त्याच कोपऱ्यात त्याच पटक्याची चिंधी. तिला अक्षर येत नव्हतं, रेशनच्या कार्डापासून सगळीकडे अंगठाच. वाकळीवर मात्र ती सही करत होती. त्या सहीखाली शहाण्यांनी ‘अज्ञात’ लिहिलं.

टेबलाशी बसलेल्या मुलीला मी हे सगळं सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं, खोटं कशाला बोलू. मग म्हणाली, ‘‘मॅडम, कार्ड लॅमिनेट झालंय.’’

आता दुसऱ्यांनाच बोल लावत नाही. चूक आमच्या घरचीही आहेच. आपल्याकडे स्टीलच्या डब्यावर ‘मामा-मामींकडून सप्रेम भेट’ आणि तारीख कोरून घेतात. देवळातल्या पंख्याच्या पात्यावर देणगी देणाऱ्याचं नाव रंगवतात, पंखा सुरू झाला की ते वाचताही येत नाही, तरी रंगवतात. उशीच्या अभ्र्यांवर साखळी टाक्याने ‘गुड नाईट’ भरायला आम्ही मुली उन्हाळ्याच्या सुट्ट्या घालवत होतो. मग दोन-दोन महिने खपून शिवलेल्या वाकळीवर चार अक्षरं घालावीत, हे एकीलाही सुचू नये? मी उद्या गेले तर सुनेला ही वाकळ म्हणजे कपाटातली अडगळ. तिचा काय दोष, तिला कुणी सांगितलंय?

म्हणून प्रदर्शनातून वाकळ घरी परतल्यावर मी पहिलं काम केलं ते लेबल शिवायचं. करायचं असेल त्यांच्यासाठी लिहिते. वीतभर मांजरपाट घ्यावं, आधी धुऊन आटवून. मार्करने लिहू नये. मी आधी तेच केलं होतं, घटस्थापनेच्या आधीच्या धुण्यात अक्षरांचा नुसता निळा ढग झाला. पक्क्या रंगाच्या दोऱ्याने टाक्यांतच लिहावं, आणि उलट्या बाजूला कोपऱ्यात चारही कडा मुडपून घट्ट शिवावं. कुणी शिवली, कुठल्या गावी, कुठल्या साली, कुणासाठी. जमलं तर कपडे कुणाकुणाचे तेही. माझं एका ठिकाणी अडलं होतं : आजीचं नाव माहेरचं घालायचं की सासरचं? लुगडं सासरचं, पटका माहेरचा. शेवटी दोन्ही घातली, माहेरचं वर. ‘दोरा ओवला’ म्हणून माझंही नाव घालणार होते, पण कापड संपलं.

माझी भाची अमेरिकेत असते. ती सांगते, तिकडे गोधडीच्या मागे असं लेबल लावायची रीतच आहे. तिकडचं कौतुक करायची मला हौस नाही, पण तिने सांगितलेली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. जॉर्जियातल्या हॅरिएट पॉवर्स नावाच्या बाईंनी, जन्म गुलामीतला, १८८६ च्या सुमारास बायबलातल्या कथा कापडाच्या तुकड्यांतून मांडून एक गोधडी केली. पुढे हलाखीत ती पाच डॉलरला विकावी लागली. घेणाऱ्या बाईने एक शहाणपण केलं : एकेका चौकोनाचा अर्थ शिवणारीच्याच तोंडून ऐकून लिहून ठेवला. आज ती गोधडी अमेरिकेच्या स्मिथसोनियन या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, नावासकट, अर्थासकट. इतकं लांब कशाला, कोलकात्याच्या गुरुसदय संग्रहालयात एक कांथा, म्हणजे बंगाली गोधडीच, आहे, तो मानदासुंदरी नावाच्या मुलीने वडिलांसाठी शिवला. ते कळतं कशावरून? तिने स्वतः टाक्यांत लिहून ठेवलंय. एकोणिसाव्या शतकात.

आणि हो, आपल्या लेखाखालच्या चौकटीत ‘गोधडी कुठे मिळेल’ म्हणून जी दुकानं दिली आहेत, तसल्याच एका दुकानात मी जाऊन आले. टॅग आहे हो, जाड कागदाचा, सुतळीने बांधलेला. त्यावर दुकानाचं नाव, किंमत, ‘ग्रामीण महिलांनी प्रेमाने बनवलेली’ हे वाक्य. शिवणारीचं नाव नाही. उलटून पाहिली तर सरळसोट मशीनचे टाके. प्रेमाने असेल, हाताने नव्हती.

माझं मागणं फार नाही. त्या फोटोतल्या बाई कुठल्या गावच्या ते आपल्या प्रतिनिधीला ठाऊक असणारच, फोटो काही आपोआप आला नाही. त्यांचं नाव विचारून येत्या रविवारी छापावं. शुद्धिपत्र म्हणून कोपऱ्यात छापलंत तरी चालेल, आम्हाला कोपऱ्याची सवय आहे. माझ्या आजीचं नाव मी या पत्रात मुद्दाम घातलेलं नाही. आधी त्यांचं येऊ द्या.

कळावे,
आपली,
३० वर्षांची वर्गणीदार

ता. क. : गेल्या वर्षी बसथांब्याबद्दलचं माझं पत्र आपण छापलंत, त्याबद्दल आभार राहूनच गेले होते. मात्र त्याखाली ‘एक वाचक’ असं आलं. नाव मी दिलं होतं. या वेळीही वेगळ्या कागदावर दिलं आहे, मोठ्या अक्षरांत.