बाबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, गेल्या वर्षी मी बोन्साय आणल्याचं फोनवर सांगितलं, तेव्हा तुम्ही एवढंच विचारलंत, "झाडाचे पाय बांधून ठेवायचे, ही कसली हौस?" मी गप्प बसले, कारण मनातून मलाही तीच धाकधूक होती. आणि खोड जाड व्हायला दहा-दहा वर्षं लागतात म्हटल्यावर तुम्ही नेहमीसारखं म्हणालात, "पुढचं कोणी पाहिलंय?" आता वर्ष झालं. फोनवर घाईघाईत सांगण्यापेक्षा नीट लिहावं असं वाटलं. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे, तरी आई, तूच त्यांना वाचून दाखव.

आधी वाईट बातमी सांगून टाकते. दोन झाडं आणली होती, त्यातलं जुनिपर गेलं. आई, तू दर रविवारी विचारायचीस, "झाडं कशी आहेत?" आणि मी म्हणायचे, "हिरवीगार." मी तुला फसवत नव्हते गं, मला स्वतःलाच माहीत नव्हतं. जुनिपर मेलं तरी त्याची पालवी कित्येक आठवडे हिरवीच दिसते. मी ते बैठकीच्या खोलीत टेबलावर ठेवलं होतं, कारण फोटोंमध्ये बोन्साय असंच टेबलावर दिसतं. त्या झाडाला उघड्यावरचं ऊन-वारा हवा, थंडीत विसावा हवा. लोक ते प्रदर्शनापुरतं आत आणतात आणि पुन्हा बाहेर नेतात. पालवी हाताला चुरचुरीत लागायला लागली तेव्हा मी फांदीवर हलकेच नख ओढून पाहिलं. जिवंत झाडाच्या सालीखाली ओला हिरवा थर असतो. मला कोरडं तपकिरी लाकूड दिसलं. खोडाशी, मग आणखी खाली, सगळीकडे तेच. त्या रात्री खूप रडले. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही काळजी करत बसला असता.

दुसरं झाड फायकस, वडाच्या गोतातलं. हे घरातही चांगल्या उजेडात राहतं. पण जागा बदलली की रुसतं. आणल्यावर पंधरा दिवसांत निम्मी पानं गाळून बसलं. माझा हात सारखा पाण्याच्या झारीकडे जायचा. तेव्हा पुन्हा नख ओढलं आणि खाली हिरवं दिसलं! मग त्याला सगळ्यात उजेडाच्या खिडकीत ठेवलं आणि हात मागे घेतला. पाणी एक दिवसाआड घालायचं हा नेम मी आधी पाळत होते, तो सोडला. आता रोज सकाळी बोट मातीत दोन पेरं खुपसते. वरचा थर सुकत आला असेल तर पाणी, आणि तेही तळाच्या भोकांतून वाहून जाईपर्यंत. ओल असेल तर नाही. कुंडी उचलली की वजनावरूनही कळतं. तीन आठवड्यांनी एका कोंबावरचं टोकदार वेष्टण गळालं आणि आतून गुंडाळी केलेलं, लाखेनं माखल्यासारखं चकचकीत पान उलगडलं. त्या दिवशी मी तुम्हाला अवेळी फोन केला होता, आठवतंय? कारण हेच होतं.

आता बाबा, तुमचा प्रश्न. मलाही वाटायचं की उपाशी ठेवून झाड लहान ठेवत असतील. तसं नाही. वाढीच्या दिवसांत मी त्याला नेमानं खत देते. उपाशी झाड नुसतं खंगतं, आणि मग छाटणी सोसत नाही. ते लहान राहतं ते छाटणीनं. फांदीच्या शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं, ते खालच्या डोळ्यांना, म्हणजे फुटू पाहणाऱ्या कोंबांना, दाबून ठेवतं. शेंडा खुडला की तो दाब जातो आणि मागचे झोपलेले डोळे जागे होतात. एका शेंड्याच्या जागी दोन येतात, त्यांचे पुढे चार. फांद्यांची अशी जाळी दाट होत गेली की पानंही लहान येऊ लागतात. पहिली फांदी कापली तेव्हा टपटप पांढरा चीक गळला आणि माझे हात थरथरले. ओल्या कापडानं टिपला, थोड्या वेळानं थांबला. महिन्याभरात कापलेल्या जागेच्या मागे तीन हिरवे ठिपके दिसले. जून लाकडातून, जिथं काहीच नव्हतं तिथून. कापलेल्या फांदीचा एक तुकडा मातीत खोचला होता, त्यालाही मुळं फुटली. आई, तो तुझ्यासाठी ठेवला आहे.

पण एका बाबतीत तुमचं म्हणणं मला मनापासून पटलं. फांदीला वळण द्यायला ॲल्युमिनियमची तार गुंडाळतात. जाडी फांदीच्या साधारण एक तृतीयांश, आणि वेटोळी तिरकी, पंचेचाळीस अंशांत. गुंडाळणं मला छान जमलं. मग कामाच्या गडबडीत दीड महिना तिकडे नीट पाहिलंच नाही. वाढीच्या दिवसांत फांदी जाड होते, तार होत नाही. पाहिलं तेव्हा ती सालीत रुतली होती. मी उलटी फिरवून सोडवायला गेले आणि एक कोवळा फुटवा मोडला. तार उलगडायची नसते, दर वेढ्याला कापून सोडवायची असते. फांदीवर आजही तिरका वळ आहे. बांधणं हा छळ नाही, बाबा, पण बांधून विसरणं नक्कीच आहे. आता तार घातली की ती असेपर्यंत रोज संध्याकाळी दिवा जवळ धरून पाहते.

तुम्हाला एका झाडाची गोष्ट सांगायची आहे. जपानमध्ये हिरोशिमात यामाकी नावाच्या घराण्याकडे पांढऱ्या पाइनचं एक बोन्साय होतं. ते 1625 पासून कुंडीत आहे. 6 ऑगस्ट 1945 ला अणुबॉम्ब पडला तेव्हा ते घर स्फोटाच्या जागेपासून तीनेक किलोमीटरवर होतं. झाडं उंच भिंतीच्या आडोशाला होती म्हणून वाचली, घरातली माणसंही वाचली. 1976 मध्ये मासारू यामाकी यांनी ते झाड अमेरिकेला भेट दिलं, आणि ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात गेलं. ज्यांनी बॉम्ब टाकला त्यांनाच! ते कुठून कसं वाचलं, हे तिथल्या लोकांना 2001 मध्ये यामाकींचे नातू झाड बघायला आले तेव्हा समजलं. मला त्या झाडाच्या वयापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं जास्त वाटतं. जवळजवळ चारशे वर्षं रोज कोणीतरी त्याच्या मातीला हात लावून पाहिलं आहे. जमिनीतलं झाड पावसावर जगतं, कुंडीतल्याला माणूस लागतो. आपण दोन दिवस कुठे गेलो तर ते आपली वाट बघतं, असं मला खरंच वाटतं.

गेल्या महिन्यात ऊन तापलं, फायकस जोमात आलं, तेव्हा पहिल्यांदा माती बदलली. ते काम मला जन्मभर लक्षात राहील. रोपवाटिकेच्या कुंडीतून ते काढलं तर मुळं कडेकडेनं गोल फिरत गेलेली, चटईसारखी विणलेली. वाकड्या टोकाच्या आकड्यानं ती बाहेरून आत हळूहळू उलगडत गेले. खोडाच्या बरोबर खाली मुठीएवढा चिकणमातीचा गोळा निघाला, दगडासारखा कोरडा. म्हणजे वर्षभर मी घातलेलं पाणी त्याच्या बाजूनं वाहून जात होतं आणि मधली मुळं तहानलेली होती. पाण्यात भिजवत, काडीनं टोकरत तो काढायला तास गेला. लांब जाड मुळं कापली, एकूण तिसरा हिस्सा, म्हणजे खोडाजवळ बारीक, पाणी ओढणारी मुळं फुटतील. नवी माती म्हणजे खरं तर चाळलेली खडीच आहे, दोन ते सहा मिलिमीटरची. धूळ चाळून टाकायची, नाहीतर निचरा बंद होतो आणि मुळं कुजतात.

सगळ्यात अवघड काम शेवटी आलं. झाड उथळ कुंडीत हलायला नको, म्हणून तळाच्या भोकांतून तारा आणून मुळांवरून बांधतात. झाड हललं तर फुटू लागलेली नाजूक मुळं तुटतात. मी डाव्या हातानं खोड धरलं आणि उजव्यानं पक्कड फिरवली. पिळ बसला की झाड कलायचं, सरळ करावं तर तार ढिली. चार वेळा सोडलं, चार वेळा बांधलं. शेवटी जमलं, पण अजून ते एक बोटभर डावीकडे झुकलेलं आहे. दहाव्या दिवशी नवे कोंब दिसले, म्हणजे त्यानं मानवून घेतलं. पण हे काम दोघांचं आहे. एकानं झाड निश्चल धरायचं, दुसऱ्यानं बांधायचं.

पुढची माती आणखी दोन वर्षांनी बदलायची. आईसारखी मीही आता वही ठेवते. त्या पानावर लिहून ठेवलं आहे : फायकस, नवी माती, झाड धरायला बाबा.

तुमची,
लेक