बाई, तुमच्या पेन्सिलीच्या खुणेबद्दल

आदरणीय बाई,

तुम्ही मला फ्रेंच वाचायला शिकवलंत, पण समोर बसून त्याचे आभार मानायला लागलो की तुम्ही "आधी चहा घे" म्हणून विषय संपवता. म्हणून हे उघड पत्र.

आद्य ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे सुरुवातीच्या चर्चच्या, आचार्यांचा अभ्यास करायचा तर 1942 साली फ्रान्समध्ये सुरू झालेली 'सूर्स क्रेतिएन' ही ग्रंथमाला टाळता येत नाही. डाव्या पानावर मूळ ग्रीक किंवा लॅटिन, उजव्या पानावर फ्रेंच, खालच्या टीपाही फ्रेंच. मला ही भाषा बोलायची नव्हती, वाचायची होती. एवढं साधं कुणाला पटेना. एका क्लासनं तीन महिन्यांची फी आधी घेतली आणि हॉटेलात कॉफी कशी मागायची ते शिकवलं. पुस्तकांत पानोपानी दिसणारा भूतकाळ मात्र "बोलण्यात येत नाही" म्हणून सोडून दिला. एका विद्वानांनी तर तोंडावर सांगितलं, खानापूरच्या मराठी शाळेतला तू, फ्रेंच तुला झेपायची नाही. कंडक्टरशी कन्नड, बाजारात उर्दू आणि घरी मराठी बोलत वाढलेल्या पोराला म्हणे आणखी एक भाषा झेपायची नाही!

तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणालात, "एत्येन द ला क्रुआ फ्रान्सचा. सतराव्या शतकात गोव्यात येऊन मराठी शिकला आणि संत पेत्रावर मराठीत पुराण लिहिलं. त्याला आपली भाषा आली, तुला त्याची येईल की." आणि लुई सगोंचं फ्रेंच बायबल आपल्या मराठी बायबलाशेजारी उघडून ठेवलंत.

पण मनात घर करून बसलंय ते बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानातलं एक वचन, 10:18. 'इल नी आ द बाँ क द्यो सल.' मी 'न' बघितला आणि ठोकून दिलं, "देव चांगला नाही." चर्चचा पाळक व्हायला निघालेल्या माणसाच्या तोंडून! कान तापले. तुम्ही हसला नाहीत, चुकलं असंही म्हणाला नाहीत. उठून कपाटातून तुमची जुनी, शिवण उसवलेली प्रत आणलीत आणि तेच पान माझ्यापुढं सरकवलंत. समासात तुमच्याच कोवळ्या अक्षरात पेन्सिलीनं 'नाही' लिहिलेलं, त्यावर काट, शेजारी 'वाचून'.

मग म्हणालात, "देवावाचून कोणी चांगलं नाही. आपल्याकडंही 'नाही' आहेच की. 'न' दिसला की पुढं 'क' येतो का बघायचं." त्या 'क'ला मी पुन्हा कधी फसलो नाही.

इतकी वर्षं ती चूक तुम्ही खोडरबरानं पुसली नाहीत, याचंच मला अजून नवल वाटतं. शिकवणारे पुष्कळ भेटतात. आपलं अडखळणं असं जपून ठेवून दुसऱ्याला दाखवणारी माणसं मी फार बघितली नाहीत. मोठेपणा मिरवायची सवय लागलेल्यांना हे जमत नसावं. असो, मी प्रवचनावर चाललोय.

एक कबुली राहिली. तुम्ही चहा ठेवायला आत गेलात तेव्हा त्या खाडाखोडीखाली मी पेन्सिलीनं माझीही तारीख टाकली आहे. विचारलं नव्हतं.

तुमचा,
गुरुवारचा विद्यार्थी