पिचरचा हात बदलतोय तोवर तिला टीममधून काढू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शालेय स्पर्धा सुरू झाल्या की आपल्या खेळाच्या पानावर सॉफ्टबॉलच्या बातम्या येतात, कोण जिंकलं, किती रन झाले, एमपीच्या टीममध्ये इंदूरच्या किती पोरी गेल्या, सगळं मी वाचते, कात्रणं पण ठेवते. सॉफ्टबॉलमध्ये बॉल टाकते ती पिचर आणि बॅटरच्या मागे बसून तो झेलते ती कॅचर; कॉलेजात मी स्वतः कॅचर होते आणि आता भावाच्या मुलीची कॅचर आहे, म्हणजे संध्याकाळी चिमणबागेत ती टाकते आणि मी ग्लव्हज घालून समोर बसते, त्यामुळे जे लिहितेय ते ऐकीव नाही.

मुद्दा एकच आहे. पिचर मुलीची टेक्निक सुधारली की स्पीड वाढतो, पण त्याआधी काही काळ तिचा कंट्रोल जातो, आणि नेमकं त्याच काळात आपल्याकडे तिला बाहेर बसवतात, मग ती घाबरून जुन्या हातावर, म्हणजे टाकायच्या जुन्या पद्धतीवर, परत जाते आणि कायमची तिथेच अडकते. हे थांबायला पाहिजे.

इंदूरात क्रिकेट सगळ्यांना कळतं म्हणून त्यातूनच सांगते. मोठ्या मुलींच्या मॅचमध्ये पिचर आणि होम प्लेट (बॅटर उभी असते तिथली पाटी) यांच्यात ४३ फूट, क्रिकेटमध्ये क्रीज ते क्रीज ५८ फूट. म्हणजे ताशी १०० किलोमीटरच्या स्पीडने टाकलेला सॉफ्टबॉल अर्ध्या सेकंदाच्या आत बॅटरपाशी असतो, क्रिकेटमध्ये तेवढाच कमी वेळ द्यायला बोलर साधारण १३५ चा लागेल. अमेरिकेच्या मोनिका ॲबटने २०१२ मध्ये ताशी ७७ मैल, म्हणजे जवळपास १२४ किलोमीटरचा बॉल टाकून गिनीज रेकॉर्ड केला होता, आणि तो पण खालून, हात गोल फिरवून. त्यामुळे "पोरींचा खेळ, हळू बॉल" असं कोणी म्हणालं की मला फार राग येतो.

आता टेक्निक. भाचीला आधी शिकवलं होतं ते असं, आणि आमच्या वेळच्या पिचरनासुद्धा हेच शिकवायचे: हात वर गेला की बॉल मागे, पिचरच्या पाठीमागच्या सेकंड बेसला दाखवायचा, मग तळहात बॉलच्या मागे ठेवून खाली ढकलत आणायचा, मांडीपाशी मनगट झटकायचं आणि शेवटी कोपर उचलून कॅचरला दाखवायचं. बाहेर याला हॅलो एल्बो म्हणतात. रडार गनवर, म्हणजे स्पीड मोजायच्या यंत्रावर, ती ७०-७२ ला येऊन थांबली होती आणि काही केल्या पुढे सरकत नव्हती, कोणी म्हणे ताकद कमी आहे, कोणी म्हणे रोज मनगटाचे झटके जास्त मार, ते पण सगळं करून झालं.

मग नवीन कोच सरांनी एक सोपी गोष्ट केली. थर्ड बेसच्या, म्हणजे पिचरच्या उजव्या बाजूने, कमरेच्या उंचीवर फोन लावून तिचं स्लो मोशनमध्ये शूटिंग केलं आणि शेजारी ऑलिंपिक खेळलेल्या पिचर्सच्या क्लिप लावल्या. जोराचा बॉल टाकताना त्यांच्यातली एकही बॉल ढकलत नव्हती. हात वरून मागे येतो, घड्याळात नऊचा आकडा असतो त्या जागी, तेव्हा त्यांचा तळहात वर किंवा थर्ड बेसकडे उघडा असतो, बॉलच्या मागे नसतो. कोपर किंचित वाकलेलं, हात सैल. खाली येताना करंगळीची बाजू पुढे, मग कोपराच्या पुढचा हात कमरेला घासून जातो, तिथे दंड थांबल्यासारखा होतो आणि पुढचा हात झपकन आतल्या बाजूला वळतो, बॉल तिथेच सुटतो. याचं नाव इंटर्नल रोटेशन, पोरी नुसतं आयआर म्हणतात. गोफणीत हात झटकन थांबतो आणि टोकाचा दगड सुसाट जातो ना, तोच हिशेब आहे. आधी पुढचा पाय घट्ट रोवून शरीर थांबतं, मग दंड थांबतो, मग पुढचा हात वळतो, आणि प्रत्येक थांबण्यातला वेग पुढच्या भागाला मिळत जातो. ढकलताना सगळा हात ताठपणे एकदमच येतो, त्यामुळे कोणी थांबत नाही आणि कोणाला काही मिळत नाही, आणि नुसत्या मनगटात तेवढा जोर नसतोच. पायांचं पण काम झालं, मागच्या पायाने जोरात निघायचं, छाती पुढे पाडायची नाही वगैरे, पण मोठा फरक हाताचा.

सुरुवातीला काय होतं ते पालकांनी नीट वाचावं. बॉल कुठेही जातो. मागच्या जाळीत, माझ्या डोक्यावरून, बॅटरच्या पायावर. कारण इतकी वर्षं अंगात बसलेला बॉल सोडण्याचा क्षणच बदललेला असतो, शरीर अजून जुन्या जागी सोडायला बघतं. आणि दुसरं म्हणजे प्रॅक्टिसमध्ये अगदी बरोबर करणारी पोरगी मॅचमध्ये पहिला वॉक दिला (चार चुकीच्या बॉलमुळे बॅटरला फुकट बेस मिळाला) की लगेच परत ढकलायला लागते, कारण ढकलल्यावर बॉल निदान प्लेटवर जातो हे तिला माहीत असतं. म्हणून सरांनी सुरुवातीला प्लेटच लावली नाही, स्ट्राइक, म्हणजे बरोबर जागी गेलेले बॉल, मोजायचेच नाहीत असं सांगितलं. जाळीसमोर जवळून फक्त हात, मग कमरेला घासणं जमलं की पाय जोडायचे, मग एकेक पाऊल मागे. कंटाळवाणं काम आहे हो, पण दुसरा रस्ता मला तरी दिसला नाही.

याच काळात एक ट्रायल होती. कुठली ते लिहीत नाही, माझं म्हणणं पद्धतीबद्दल आहे. थोडेसेच बॉल बघितले, बरेच झोनच्या, म्हणजे प्लेटवरच्या ठरलेल्या जागेच्या, बाहेर गेले, तर सांगितलं की हात बिघडवून आणलाय, आधीचाच बरा होता. स्पीड कोणी बघितलाच नाही, रडार गन तिथे नव्हतीच. पोरगी घरी आली आणि जेवायला उठली नाही, मला म्हणाली, "आत्या, मी जुनाच हात करते गं, निदान टीममध्ये तर राहीन." तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला टीमच्या बाहेर राहणं किती लागतं हे ट्रायल घेणाऱ्यांना कळत नसेल का? माझ्या भावाचं मनसुद्धा डळमळलं होतं. वहिनी मात्र म्हणाली सरांच्या हातात दिलीय तर आता अर्ध्यात काढायची नाही, आणि तिच्या त्या ठामपणाचं मला आजही मनापासून कौतुक वाटतं.

आज तिचा स्पीड ८० च्या वर जातो, कंट्रोल पण परत आलाय, आणि चेंजअप, म्हणजे बॅटरला चकवायला टाकलेला हळू बॉल, आता खरोखर फसवतो कारण जोराच्या आणि हळू बॉलमध्ये फरक पडायला लागलाय. तिची उंची वाढली, वयही वाढतंय, थोडा स्पीड त्यामुळे आला असेल हे मला मान्य आहे, पण उंची तर जुना हात होता तेव्हाही वाढतच होती आणि तेव्हा आकडा जागचा हलला नव्हता.

अजून एक गोष्ट याच्याशी जोडलेली आहे ती लिहिते. खालून टाकलेल्या बॉलने खांद्याला काही होत नाही, विंडमिल, म्हणजे हात गोल फिरवून टाकणाऱ्या, पिचरने कितीही टाकावं, असा समज आपल्या मैदानांवर अजून आहे. तो बरोबर नाही. हात खाली येताना खांद्यावर आणि दंडाच्या पुढच्या स्नायूवर चांगलाच ताण येतो, आणि एकच चांगली पिचर असली की तिलाच सकाळी आणि तिलाच दुपारी उभी करतात. बोललं की जपानच्या युकिको उएनोचं नाव पुढे करतात, तिने २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये दोन दिवसांत ४१३ बॉल टाकले आणि जपानला गोल्ड मिळवून दिलं. टाकले ना, पण ती तेव्हा २६ वर्षांची तयार खेळाडू होती, आठवीतली मुलगी नव्हती. अमेरिकेत लिटल लीग बेसबॉलमध्ये २००७ पासून मुलांसाठी पिच काउंटचा, म्हणजे किती बॉल टाकायचे त्याच्या मर्यादेचा, नियम आहे, आपल्या शालेय सॉफ्टबॉलमध्ये निदान वहीत मोजायला तरी सुरुवात करा. हात बदलत असलेल्या मुलीला तर हे जास्तच लागू आहे, दमली की जुनी सवय परत येते, आणि दमलेल्या हाताने जितके जास्त बॉल टाकेल तितकी ती सवय पक्की होते.

निवड करणाऱ्यांना माझी विनंती आहे की ट्रायलला रडार गन ठेवा, मुलीला किंवा तिच्या कोचला एवढं विचारा की टेक्निक बदलणं चाललंय का, आणि चाललं असेल तर तिला राखीव पिचर म्हणून बरोबर न्या, मॅच नका देऊ, पण टीमचा टी-शर्ट द्या. कोच लोकांनी पण हा बदल स्पर्धेच्या तोंडावर सुरू करू नये, उन्हाळ्याची सुट्टी त्यासाठी चांगली. आणि अगदी लहान पोरींना तर पहिल्या दिवसापासूनच बरोबर हात शिकवला तर मोडून परत बसवायची वेळच येणार नाही. सॉफ्टबॉल १९९६ ला ऑलिंपिकमध्ये आला, २००८ नंतर गेला, टोकियोत एकदा येऊन पॅरिसला परत बाहेर, आता २०२८ ला लॉस एंजेलिसच्या खेळांत पुन्हा आहे, म्हणजे या वयाच्या मुलींना मोठी स्पर्धा टीव्हीवर बघायला मिळणार आणि त्या हात कसा फिरतो ते बघून विचारणार, तेव्हा आपल्याकडे उत्तर असायला हवं.

आपल्यालाही एक सांगणं आहे, मॅचच्या बातमीत विकेटसारखे स्ट्राइकआउट छापता तसा पिचरचा स्पीडही छापत चला, मग मैदानांवर आपोआप रडार गन येतील. आणि येत्या सुट्टीत ज्या मुलींना हात बदलायचाय पण समोर बसायला कॅचर नाही, त्यांच्यासाठी मी संध्याकाळी मोकळी आहे, ग्लव्हज आणि मास्क माझा मी आणीन.

आपली वाचक,
एका पिचरची आत्या
राजेंद्रनगर, इंदूर