डॉल्फिनने २०३२ पर्यंत थांबायचे?

महोदय,

जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात गर्दी होते ती संस्थानिकांच्या गाड्यांभोवती. सिपानी डॉल्फिनकडे आम्हा चार वेड्यांशिवाय कुणी ढुंकून पाहत नाही. १९८२ साली बंगळूरला बनू लागलेली ही दोन दारांची गाडी मूळची ब्रिटिश 'रिलायंट किटन'. इंजिन ८४८ सीसीचे आणि बॉडी फायबरची, म्हणजे पत्रा गंजायची भीतीच नाही. (कृष्णेचा पूर पाहिलेल्या सांगलीकरांना याची किंमत सांगायला नको!) पुढच्याच वर्षी मारुती ८०० आली आणि डॉल्फिन मागे पडली.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार 'व्हिंटेज' नोंदणी मिळते ती पन्नाशी ओलांडलेल्या गाडीलाच. म्हणजे सर्वांत जुन्या डॉल्फिनलाही २०३२ उजाडणार. तोवर दर पाच वर्षांनी तपासणी, नूतनीकरण आणि पर्यावरण कर. सुट्या भागांची शोधाशोध वेगळीच. इतका व्याप कोण सांभाळणार? बरेच जण सरळ भंगारवाल्याला बोलावतात.

शेजारच्या इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णींनी जिद्दीने 'मीरा' ही छोटी मोटार घडवली, पण तिचे मोठे उत्पादन काही झाले नाही. निदान ज्या गाड्या रस्त्यावर आल्या, त्या तरी टिकाव्यात. उत्पादन बंद पडलेल्या दुर्मीळ मॉडेलांसाठी ही अट तीस वर्षांवर आणावी, असा प्रस्ताव राज्याच्या परिवहन विभागाने केंद्राकडे पाठवावा.

– एक मोटारप्रेमी, विश्रामबाग, सांगली