बाबा, या हिवाळ्यात गाडी तुम्ही न्यायची नाही

सिअॅटल,
९ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आधी चांगली बातमी. अलाबामातल्या गल्फ शोअर्सची जागा मिळाली. गल्फ स्टेट पार्कातच, शेल्बी तळ्याच्या बाजूला, १३ डिसेंबरपासून तीन महिने. मागच्या वर्षीची नेमकी तीच नाही, पण त्याच वळणावरची आहे आणि आईला हवं तसं न्हाणीघर जवळ आहे. तिथे जवळपास पाचशे जागा असल्या तरी तळ्याकडच्या आधी जातात, म्हणून पैसे भरून टाकले. ते परत करायची भाषा कुणी काढायची नाही.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. बाबा, शेवटपर्यंत वाचा आणि मग बोला. या वर्षी आरव्ही, आपलं ते चाकांवरचं घर, तुम्ही चालवत न्यायची नाही. मी एक ड्रायव्हर ठरवला आहे. लोकांच्या आरव्ही गावोगाव पोचवणं हाच त्याचा धंदा आहे. लायसन्स, इन्शुरन्स, आधीच्या गिऱ्हाइकांचे फोन, सगळं मी स्वतः तपासलं. तो १० डिसेंबरला मिशिगनहून, आपल्या कँटनच्या घरून निघेल, मागे आपली छोटी गाडी जोडून. दादा डॅलसहून तुमच्या दोन दिवस आधी गल्फ शोअर्सला पोचणार आहे. गाडी लेव्हल करणं, पाणी, वीज, सांडपाण्याचा पाइप, सगळं तो लावून ठेवेल. तुम्ही दोघं १५ तारखेला विमानाने जायचं. डेट्रॉइटहून अटलांटा, तिथे विमान बदलून पेन्साकोला. दादा घ्यायला येईल, तिथून तासाभराचा रस्ता. तिकिटं काढून झाली आहेत.

तुम्हाला न विचारता ठरवलं, हे मला माहीत आहे. फोनवर विषय काढला की तुम्ही "बघू" म्हणता आणि फोन आईकडे देता. आई म्हणते, "त्यांनाच विचार." दिवाळीत तेच झालं, त्याच्या आधीही तेच. बघू बघू म्हणता बर्फ पडायला लागेल, मग तुम्ही हवा उघडलेला एखादा दिवस पकडून पहाटे चारला निघाल, आणि मला कळेल ते केंटकी मागे पडल्यावर. मी तुम्हाला ओळखते, बाबा.

आणि आईने मला काहीही सांगितलेलं नाही. तिला विचारू नका, तिच्यावर रागावू नका. मार्चमध्ये परतताना बर्मिंगहॅमच्या अलीकडे काय झालं ते मी तिच्या तोंडून ऐकलेलं नाही. गाडीचा उजवा आरसा मी उन्हाळ्यात पाहिला, मागच्या कोपऱ्यावरची खरवड पाहिली, आणि तुमच्या डोळ्यांचा रिपोर्ट वाचला. तुमच्या उजव्या डोळ्याच्या नकाशात कडेचा भाग काळा दिसतो. ते दिवे दिसले की बटण दाबायची तपासणी तुम्ही "कंटाळवाणी" म्हणून उडवून लावलीत, पण काचबिंदूचं दुखणंच असं आहे. समोरचं स्वच्छ दिसतं, अक्षरं वाचता येतात, म्हणून माणसाला वाटतं नजर उत्तम आहे. जाते ती कडेची नजर. आणि गेलेली परत येत नाही. थेंबांनी फक्त उरलेली टिकते. मोतीबिंदूसारखं नाही हे, की ऑपरेशन केलं आणि झालं.

हजार मैल, बाबा. सिनसिनाटीपर्यंत आय-७५, मग लुईव्हिल, मग सगळा दिवस आय-६५वर दोन्ही बाजूंनी ट्रक. नॅशव्हिलमध्ये लेन बदलायच्या. अंगावर येणारा ट्रक तुम्हाला दिसेल हो, शेजारून सरकणारा दिसणार नाही. डॉक्टरांनी काय म्हटलं ते मी परत लिहीत नाही. एवढंच लिहिते की त्यांनी छोटी गाडी बंद केलेली नाही. दिवसाउजेडी, जवळपास, ओळखीच्या रस्त्याने चालवा म्हणाले. तेव्हा पार्कातून बाजारात जाल, फोली गावापर्यंत जाल, तेवढं तुमचंच आहे. अंधार पडला की किल्ली आईकडे.

मला गाडी तुम्हीच शिकवलीत. फॅक्टरीच्या रिकाम्या पार्किंगमध्ये, रविवारी, बर्फावर. ब्रेक लावला की गाडी फिरायची आणि मी रडायला लागायचे. तुम्ही आवाज चढवला नाहीत. "आरशात बघ, मग मान वळवून बघ, मग वळ. आरसा सगळं सांगत नाही." आजही लेन बदलताना माझी मान आपोआप वळते. मुलं हसतात, म्हणतात, आई, गाडीत कॅमेरा आहे. मी म्हणते, असू दे.

दादाचं म्हणणं होतं की जाऊच नका, हिवाळा डॅलसला काढा, खोली रिकामी आहे. वहिनीनेही मनापासून बोलावलं. मी नको म्हटलं. त्यात तुमचं काही कमी केलं जाईल असं नाही, पण तुम्ही तिथे पाहुणे व्हाल. दादा-वहिनी सकाळी सातला बाहेर, मुलं शाळेत, आणि तुम्ही दोघं दिवसभर टीव्हीसमोर. गल्फ शोअर्सला आई सकाळी दार उघडून पायरीवर चहा घेऊन बसते, आणि येणारा-जाणारा तिला नावाने हाक मारतो. विस्कॉन्सिनचे, ओहायोचे, ओंटारिओचे, सगळे आपापल्या थंडीतून पळून आलेले. बाबा तिथे रोज चार माणसांशी बोलतात. कँटनला डिसेंबर ते मार्च किती बोलतात? दोन वर्षांपूर्वी ड्राइव्हवेवर पडलात तेव्हापासून तर बर्फ पडला की तुम्ही टपाल आणायलाही बाहेर पडत नाही. म्हणून जायचं हे नक्की. मी तुमचं जाणं बंद करत नाहीये, मी ते आणखी पुष्कळ वर्षं चालू राहावं म्हणून धडपडते आहे. एवढं एक माझं ऐका.

आणि तिथली वाळू! तुम्ही मला पहिल्यांदा फोनवर दाखवलीत तेव्हा वाटलं पुन्हा बर्फच दाखवताय. मग तुम्ही समजावलंत की हा सगळा गारगोटीचा चुरा, अॅपलाचियन डोंगरातून नद्यांनी हजारो वर्षं वाहून आणलेला. आई मागून म्हणाली, "आपल्या चिवल्याची वाळू बरी, पायाला ओळखते." मालवणला चिवल्याच्या किनाऱ्यावर तुम्ही मला खांद्यावर घेऊन पाण्यात शिरायचात आणि आई काठावरून ओरडायची, "अहो, तिला सर्दी आहे!" लाट आली की मी तुमचे केस घट्ट धरायचे. मुंबईहून सुट्टीत गेलो की पहिल्या संध्याकाळी तेच, आजी ओटीवर पंचा घेऊन उभी. बाबा, त्या वेळेला मला समुद्राची भीती कधी वाटली नाही. ती का नाही, हे मला स्वतःची मुलं झाल्यावर समजलं.

बरं, आता सूचना. आई, ह्या तू सांभाळ, कारण बाबा हा परिच्छेद वगळतील.

मागच्या जानेवारीत काय झालं ते आठवतं ना? २१ तारखेला मोबिल शहरात साडेसात इंच बर्फ पडला, आय-१० बंद, आणि तुमचा पाण्याचा होस गोठला. तिथे बर्फ उपसायची गाडी कुठून असणार? दर वर्षी असं होत नाही, पण थंडीची एखादी रात्र येतेच. तापमान ३२ फॅरनहाइटच्या खाली जाणार असं हवामान खात्याने सांगितलं की संध्याकाळीच होस काढून रिकामा करायचा, आतली टाकी आधी भरून ठेवायची आणि रात्री पंपावर पाणी वापरायचं. सिंकखालची कपाटं उघडी. प्रोपेनची फर्नेस चालू ठेवायची, नुसता विजेचा हीटर लावून भागत नाही, कारण फर्नेसची गरम हवा खालच्या टाक्या-पाइपांपर्यंत जाते, हीटरची जात नाही. आणि ऊब यावी म्हणून गॅसची शेगडी कधीही, कधीही पेटवून ठेवायची नाही. एवढ्याशा जागेत कार्बन मोनॉक्साइड भरायला वेळ लागत नाही, आणि त्याला वास नसतो. फोडणीच्या धुराने अलार्म वाजतो म्हणून बाबांनी मागे तो काढून ड्रॉवरमध्ये ठेवला होता. दादा नवीन बसवणार आहे. फोडणीने वाजला तर खिडकी उघडा, पंखा लावा, पण त्याला हात लावू नका; फोडणी नसताना वाजला तर दोघं लगेच बाहेर पडा. आपली गाडी ३० अँपिअरची आहे, तेव्हा हीटर, मायक्रोवेव्ह आणि चहाची किटली एकदम लावायचं नाही.

टायर मी बदलून घेतले. नक्षी शाबूत दिसत होती हे खरं, पण आरव्ही वर्षातले आठ महिने उभी असते, टायर झिजत नाहीत, जुने होतात. कडेला छापलेले शेवटचे चार आकडे पाहिले, आठवडा आणि वर्ष. २०१७ सालचे निघाले. खर्चाचं विचारू नका.

आईसाठी स्वयंपाकाचं सांगून ठेवते. डीह्युमिडिफायर पाठवला आहे, म्हणजे गेल्या वर्षीसारखे गादीखाली डाग पडणार नाहीत. भात-आमटी रोजची कर, पण मासे तळायचे तर बाहेर, टेबलावर, इंडक्शनवर. बोय आणि कालवं मिळतील, चिंबोऱ्या मिळतील, कोळंबी तर काय, बाँ सेकूरला बोटीवरून उतरलेली घ्या. मालवणी मसाला, आमसुलं आणि तिरफळं मी येताना आणते. फक्त ती रॉयल रेड कोळंबी बाबांना आवडते ती जपून. खोल पाण्यातली असल्यामुळे मुळातच खारट असते. तिच्यात मीठ घालायचं नाही, आई, तुझं बीपी तिथे पार्कात गेलं म्हणून सुट्टीवर जात नाही. डिसेंबरात बाल्डविन काउंटीची सत्सुमा संत्री येतात, ती पोटभर खा.

चालायला त्या पक्क्या पायवाटेवरच जा, सपाट आहे, बाकं आहेत, गुडघ्याला सोसेल. तळ्याच्या काठाला गवतात शिरू नका. थंडीत मगर सुस्त असते, पण ऊन पडलं की काठावर येऊन पडते. बाबा, गळ टाकायला जाल तर अलाबामाचं लायसन्स काढा, मिशिगनचं तिथे चालत नाही. समुद्रावर दोन लाल झेंडे दिसले की पाण्यात पाऊल नाही, घोट्यापर्यंतसुद्धा नाही.

औषधांचं. डोळ्याचा थेंब रात्री झोपताना, रोज, न चुकता. न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये, उघडलेली बाहेर चालते, पण सहा आठवड्यांनी टाकून द्यायची. विमानात ती हातातल्या पिशवीत, सामानात नाही. सगळी प्रिस्क्रिप्शनं फोलीच्या दुकानात पाठवून घेते. आणि आई, मेडिकेअरचे, त्या सरकारी आरोग्यविम्याचे, कागद आले असतील, त्यांवर मी येईपर्यंत सही करू नकोस. मुदत ७ डिसेंबरपर्यंत आहे. तुझा प्लॅन मिशिगनच्या डॉक्टरांचा आहे. अचानक काही झालं तर कुठेही चालतो, पण साधा गुडघा दाखवायला तिथे चालणार नाही. बदलायचा की नाही ते आपण बसून पाहू, घाईत बदलला आणि नंतर पुरवणी विमा घ्यायला गेलो तर तब्येतीची विचारपूस करतात.

अटलांटाला मी दोघांसाठी व्हीलचेअर सांगितली आहे. चालता येत नाही म्हणून नव्हे. तो विमानतळ अवाढव्य आहे, मीही तिथे पळून दमते. बसा आणि ऐटीत जा.

बाबा, तुम्हाला वाटेल की मी तुमच्या हातून काहीतरी काढून घेतलं. एलिझाबेथटाउनचा तो कॉफीचा थांबा, आईने फॉइलमध्ये बांधलेल्या पोळ्या, माँटगोमेरी ओलांडल्यावर उघडणारी खिडकी, हे सगळं विमानात नाही, कबूल. म्हणून मार्चमध्ये परत येताना मी येणार आहे. रजा टाकली आहे. आरव्ही मी चालवीन, तुम्ही शेजारी बसा, नकाशा तुमच्याकडे. रस्ता कुठून घ्यायचा, कुठे थांबायचं, सगळं तुम्ही सांगायचं. आई मागे झोपेल. घाई नाही, दिवस मावळायच्या आत मुक्काम.

तिथे पोचल्यावर रोज फोन करा. तुमचे आठ म्हणजे माझे सहा, मी जागी असते. मी नाही उचलला तर दादाला.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी येते आहे, सामान मी भरते, आई, तू खाली वाकून पेट्या काढू नकोस. तोवर एकच काम करा. आरव्हीच्या किल्ल्या, इन्शुरन्सचा कागद आणि दोघांच्या गोळ्यांची यादी फ्रीजवर लावून ठेवा. बाबा, किल्ल्या दोन्ही. ती दुसरीसुद्धा, जी टूलबॉक्समध्ये आहे.

तुमची,
छकुली

ता. क. बाबा, रागावला असाल तर फोनवर गप्प बसू नका. रागवा, मी ऐकून घेईन. पण तिकिटं राहतील.