शनीचे कडे आणि फ्लॉरेन्सची परीक्षा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीतील शनीवरच्या लेखात ‘गॅलिलिओने १६१० मध्ये शनीची कडी शोधली’ असे एका ओळीत उरकले आहे. गॅलिलिओला तेव्हा दिसले ते कडे नव्हतेच. त्याला दिसला मधला मोठा गोळा आणि दोन्ही अंगांना त्याला खेटून बसलेले दोन लहान गोळे. १६१२ मध्ये ते दोघे गायब झाले, तेव्हा शनीने आपली पोरे गिळली की काय, असे त्याने पत्रात लिहिले (रोमन पुराणातला शनी त्यासाठीच प्रसिद्ध). १६१६ मध्ये त्याने शनीला दोन कान असल्यासारखे चित्र काढले, पण कोडे सुटले नाही ते नाहीच.

पुढे ज्याला जे सुचेल ते. डान्झिगचा (आजचे पोलंडमधले ग्दान्स्क) खगोलज्ञ हेवेलियस म्हणे, लंबगोल शनीला दोन चंद्रकोरी चिकटल्या आहेत. पॅरिसचा रोबेर्व्हाल म्हणे, शनीच्या विषुववृत्तातून वाफा निघतात. इंग्लंडच्या क्रिस्तोफर रेनने ग्रहाला टेकलेला पातळ पट्टा कल्पिला होता, पण हॉलंडचा खगोलज्ञ ह्यूगेन्स याचे म्हणणे कानावर येताच ‘हेच बरे’ म्हणून आपले सोडून दिले. असा मोठेपणा विद्वानांत विरळाच! ह्यूगेन्सने १६५९ मध्ये उघड सांगितले ते असे: शनीभोवती एक पातळ, सपाट कडे आहे, ते ग्रहाला कुठेही टेकत नाही आणि क्रांतिवृत्ताशी (म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती ज्या पातळीत फिरते तिच्याशी) कललेले आहे. त्या कलण्यामुळेच शनीच्या सूर्याभोवतीच्या सुमारे साडेएकोणतीस वर्षांच्या फेरीत दोनदा कडे आपल्याला नेमके धारेवरून दिसते, म्हणजे जवळजवळ दिसतच नाही.

तरी वाद मिटला नाही. रोममधला जेझुइट (एका कॅथलिक धर्मसंघातला पाद्री) फाब्री आणि दुर्बिणी बनवणारा दिव्हिनी १६६० मध्ये ह्यूगेन्सवर तुटून पडले. कडेबिडे काही नाही, शनीमागे दोन काळे आणि दोन उजळ चंद्र फिरतात, असा फाब्रीचा दावा. निवाडा आला फ्लॉरेन्सच्या राजपुत्र लिओपोल्डकडे. त्याच्या विज्ञान-अकादमीतल्या बोरेली वगैरे मंडळींनी काय करावे? कड्यासह शनीची प्रतिकृती बनवली, लांबलचक दालनाच्या टोकाला ठेवली, मशालींचा उजेड पाडला आणि दुसऱ्या टोकाहून दुर्बिणीने पाहिली. हलक्या दुर्बिणीतून तिथेही गॅलिलिओचे ते तीन गोळेच दिसले! त्याहून पुढची गोष्ट म्हणजे, ज्यांना या वादाचा गंधही नव्हता अशा लोकांना तिथे आणून ‘दिसते ते काढा’ म्हणून सांगितले. कडे आहे हे ठाऊक असलेला डोळा कडेच पाहणार, हे त्यांनी ओळखले होते. ह्यूगेन्सने कड्याला दिलेली जाडीही त्यांना फार वाटली, आणि ते बरोबरच होते. पुढे फाब्रीनेही कडे मान्य केले.

आपल्याकडे आकाशदर्शनात मूल दुर्बिणीला डोळा लावायच्या आधीच कुणीतरी ‘बघ, कडी दिसली का?’ म्हणून मोकळे होते. मूलही ‘हो’ म्हणते, मागे रांग असते. आयोजकांनी काही न सांगता आधी कागद-पेन्सिल हातात द्यावी. मार्च २०२५ मध्ये कडी अशीच अगदी धारेवर आली होती, आता ती वर्षागणिक उघडत जातील. त्यामुळे त्याच मुलांकडून दरवर्षी चित्र काढून घेता येईल. त्यातली काही आपल्या पुरवणीत छापावीत, ही विनंती.

– एक वाचक, सांगली