ठाणे जिल्ह्याची माती ‘जांभी’ नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण महाराष्ट्राच्या मातीचा नकाशा छापलात. त्यात पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत अख्खं कोकण एकाच विटकरी रंगात आहे आणि खाली लिहिलंय ‘जांभी मृदा’. माझ्या नातीने तो नकाशा कापून शाळेच्या वहीत चिकटवला, म्हणून हे पत्र. एरवी छापील चुका मी रद्दीबरोबर देऊन टाकते.

मी अठ्ठावीस वर्षं माती परीक्षण प्रयोगशाळेत काढली. शेतात नाही, टेबलाशी. माती माझ्याकडे कापडी पिशवीतून यायची, अर्धा किलो, आत चिठ्ठी: नाव, गाव, गट नंबर, मागचं पीक. लाकडी हातोडीने ढेकळं फोडायची, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढायची, एक भाग मातीत अडीच भाग पाणी घालून ढवळायचं आणि सामू (पीएच, मातीच्या आंबटपणाचं माप) घ्यायचा. पाच-सहा वर्षांनी चिठ्ठी उघडायच्या आधीच तालुका सांगता यायला लागला. सोबतचे लोक चहाची पैज लावायचे. मी फार वेळा हरले नाही.

मुरबाड-शहापूरकडच्या चढावरची माती तांबूस, हलकी, खडेच जास्त. निम्मी पिशवी चाळणीवर राहायची. सामू सहाच्या आगेमागे, म्हणजे किंचित आंबट. ही वरकस. वीतभर, फार तर हातभर खोल, त्याखाली मुरूम. नाचणी, वरी आणि गवत यांची जमीन. भिवंडी-कल्याणकडच्या भातखाचरातलं ढेकूळ याच्या अगदी उलटं: राखाडी-काळसर, चिकट, वाळलं की हातोडीलाही जुमानत नाही. फोडलं की आत बारीक गंजाच्या रेघा दिसतात, भाताच्या मुळांच्या वाटेने गेलेल्या. चार महिने पाणी साचून राहिलं की मातीतलं लोह सुटं होतं. भाताचं मूळ वरून हवा खाली नेतं, त्या हवेशी गाठ पडली की मुळाभोवती तेच लोह गंजून बसतं. नव्या पोरांना मी पहिल्यांदा ही रेघ दाखवायचे.

आता गंमत अशी की या दोन्ही मात्या एकाच दगडाच्या, सह्याद्रीच्या काळ्या कातळाच्या. चढावर पाऊस चुना, मॅग्नेशियम धुऊन नेतो, मागे लोहाचा तांबडा गंज उरतो. धुपलेलं सगळं खाली सखलात उतरतं आणि तिथे निचरा नसल्याने काळी, फुगणारी चिकणमाती तयार होते. म्हणजे एकाच गावात, एकाच बांधाच्या वर-खाली दोन जाती. जिल्ह्याला एक रंग देऊन हे कसं दिसणार?

जांभा म्हणजे चिऱ्याचा दगड. तो रत्नागिरी-सिंधुदुर्गाचा. आपल्याकडे तो मुळीच नाही असं नाही. डोंगरमाथ्यावर टोपी ठेवावी तसा क्वचित भेटतो. हद्दीपलीकडे माथेरानला जाऊन आलेल्यांनी तो बुटाला लावून आणलाच असेल. पण तांबडी दिसली की जांभी म्हणायचं, हे पिवळं ते सोनं म्हणण्यासारखं झालं. मुरबाडच्या जुन्या घरांची जोती काळ्या दगडाची आहेत, ती बघितली तरी पुरे.

उल्हास, काळू, भातसा यांच्या काठची मळई मी दोन वाक्यांत सोडते. गाळाची, खोल, मऊ, भाजीपाल्याला उत्तम. तिच्याबद्दल कधी कोणाची तक्रार आली नाही.

खारीबद्दल मात्र थांबून सांगायला हवं, कारण नकाशात ती कुठेच नाही. खाडीकाठची ही जमीन बांध घालून समुद्राकडून मिळवलेली. खारेगाव, खारबाव ही नावं काय उगाच पडली? एकदा एका शेतकऱ्याने मे महिन्यात नमुना आणला. वर पांढरा पापुद्रा, क्षारता मीटरवर भलतीच. त्याला म्हटलं, यात काही उगवायचं नाही. तो हसला आणि गेला. सप्टेंबरात त्याच शेताची माती घेऊन परत आला आणि मीटर चांगलाच खाली. पावसाचं गोडं पाणी मीठ खाली ढकलतं. उन्हाळ्यात जमीन वाळली की तेच मीठ ओलाव्याबरोबर वर चढतं. मध्ये जे तीन-चार महिने मिळतात त्यात भात काढायचा. म्हणून तिथे मोड आलेलं बी चिखलात फेकून पेरतात. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने ‘पनवेल १’, ‘पनवेल २’ अशा क्षार सोसणाऱ्या भातजाती काढल्या त्या याच जमिनीसाठी. नमुना कुठल्या महिन्यातला हे न लिहिता खारीचा आकडा देण्यात काही अर्थ नाही, हे मला पुस्तकाने नाही, त्या माणसाने शिकवलं. आणि हो, खार म्हणजे देशावरची चोपण नव्हे. चोपण पाटाच्या पाण्याच्या अतिरेकाने होते, खार समुद्राने.

मातीची प्रतवारी हे काही नवं खूळ नाही. १८४७ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी मुंबई इलाख्याच्या मोजणीसाठी जमिनीच्या नऊ प्रती लावल्या, सोळा आण्यांपासून खाली उतरत. खोली हाताच्या मापाने मोजायची, रंग-पोत बघायचा, मग चुनखडी, रेती, उतार असे दोष धरून आणे कापायचे. हेतू शेतसाऱ्याचा होता, पण निदान शेतात जाऊन बघत. आजही कोकणातल्या सात-बारावर ‘तरी’ (म्हणजे भाताची जमीन) आणि ‘वरकस’ हे रकाने आहेत. तलाठ्याच्या कागदावर आहे तेवढं तरी वर्तमानपत्राच्या नकाशात यायला हवं.

आकड्यांवर किती विसंबायचं हाही प्रश्न आहेच. मृदा आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ साली सुरू झाली. बारा तपासण्या, जिरायतीला दहा हेक्टरला एक नमुना. चांगली कल्पना. पण एकदा माझ्या टेबलावर बारा पिशव्या आल्या, बारा गटांच्या, बारा चिठ्ठ्यांच्या, आणि सगळ्यांत तोच खडा, तोच रंग, एकाच वाळलेल्या पिंपळपानाचे तुकडे. कोणीतरी झाडाखाली बसून एकाच खड्ड्यातून बाराही भरल्या होत्या. मी त्या परत पाठवल्या. पुढे काय झालं ते माझ्यापर्यंत पोचलं नाही.

तर विनंती एवढीच. नकाशा पुन्हा छापाल तेव्हा ठाण्याला निदान चार रंग द्या: वरकस, खाचर, मळई, खार. नावं हीच ठेवा, शेतकऱ्याला कळतात.

पाचवा रंग आमच्या नवी मुंबईसाठी लागेल. सोसायटीच्या बागेत जांभळाचं रोप लावायला परवा खड्डा घेतला. वर चार बोटं विकतची लाल माती, खाली हातभर खदानीचा मुरूम, त्याखाली निळसर चिखल आणि त्यात शिंपले. नातीने विचारलं, आजी, हिला काय लिहू? मी ‘भराव’ लिहायला सांगितलं.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक
घणसोली, नवी मुंबई